सतरा नंबरची बशी आणि माझा सूड

“बाई, तुमचे दात रात्री कुठे झोपतात?”

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही. नववी ब मधल्या एका मुलीने तो भर वर्गात, उभं राहून, आवाज अगदी साखरेत घोळवून विचारला. मागच्या बाकावरच्या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, म्हणून विचारला. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. आणि त्याच क्षणी मी ठरवलं की या मुलीचा सूड घ्यायचा. माफ करायचं नाही, विसरायचं नाही, मोठ्या मनाने सोडून वगैरे तर मुळीच द्यायचं नाही. माझं मन मोठं नाहीच. मला मनच नाही. दात मात्र बत्तीस आहेत.

मी एक जुना जबडा आहे. दचकू नका, खरा नाही, शिकवायचा आहे. विज्ञानाच्या खोलीत, खिडकीजवळच्या बुटक्या कपाटावर लाकडी बैठकीवर बसलेला असतो. चांगला टरबुजाएवढा आहे. प्लास्टरचे दात, गुलाबी रंगवलेल्या हिरड्या, लाल रबराची जीभ, आणि मागे दोन पितळी बिजागऱ्या. वरचा जबडा उचलला की मी आ करतो. सोडला की मिटतो. कसा मिटतो ते पुढे येईलच, त्यासाठी तर ही सगळी गोष्ट सांगतोय.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली. तिथे शाळांना लागणारे अवयव तयार होत. फळीवर चार हृदयं वाळत पडलेली, खाली टोपलीत कानच कान. मला घडवणारा कारागीर अबोल होता, आणि मला रंगवणारी त्याची वहिनी अजिबात अबोल नव्हती.

“एवढ्या गुलाबी हिरड्या कुणाच्या असतात हो वहिनी?” त्याने विचारलं होतं.

“ज्यांचं लग्न ठरलेलं असतं त्यांच्या,” वहिनी म्हणाली आणि अजून एक हात मारला.

त्या दिवशी कारागिराकडची बारीक स्प्रिंग संपली होती. शोधाशोध करून त्याने शेवटी कोपऱ्यातला उंदराचा सापळा उचलला, त्याची स्प्रिंग काढली आणि माझ्या बिजागरीत बसवली. “चालतंय,” असं पुटपुटला. चालतंय काय चालतंय! इतर जबडे पुस्तक मिटावं तसे मिटतात. मी सापळा मिटावा तसा मिटतो. माझ्या स्वभावाला तुम्ही नावं ठेवाल, पण मी हा असा का झालो ते आता तुम्हाला कळलं असेल.

मला शाळेत आणलं तेव्हा आमच्या बाई अगदी नव्या होत्या. विज्ञान शिकवायला लागून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. मला खोक्यातून काढताना पहिल्याच दिवशी त्यांचं बोट चिमटलं. दुसरं कुणी असतं तर मला परत पाठवलं असतं. बाईंनी बोट तोंडात धरलं, थोडा विचार केला आणि प्रयोगशाळेच्या मामांकडून एक लाकडी खुंटी तासून घेतली. मामा म्हणजे आमच्याकडे काचसामान धुणारे, पुसणारे आणि त्याबद्दल सगळ्यांना रागावणारे मामा. ती खुंटी त्यांनी माझ्या बैठकीला दोरीने बांधली. तेव्हापासून रीत अशी पडली: वरचा जबडा उचलायचा, डाव्या दाढांमध्ये खुंटी अडकवायची, आणि मग हात आत घालायचा.

पण त्याच्याही आधी बाई एक गोष्ट करायच्या. माझ्यासमोर उभ्या राहून मला विचारायच्या, “परवानगी आहे?”

पोरं हसायची. बाई हसायच्या नाहीत. “तोंड ज्याचं, परवानगी त्याची,” त्या सांगायच्या. “दातांच्या डॉक्टरनेही विचारलं पाहिजे. तुम्ही बाहुलीला विचारा, भावाला विचारा, जबड्याला विचारा. विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही आणि तोंडावर बोलायचंही नाही.”

अठ्ठावीस वर्षं झाली, बाईंनी एकदाही विचारल्याशिवाय मला हात लावलेला नाही. शाळेत माणसांचाही एवढा मान कुणी राखत नाही आणि मी तर प्लास्टरचा.

काय दिवस होते ते! भांडी घासायच्या ब्रशने पोरं माझे दात घासायची. वरून खाली, खालून वर, गोल गोल, दाढांच्या मागे. एकदा तपासायला आलेले साहेब माझ्यापुढे वाकून म्हणाले, “वा, हा तर माझ्यापेक्षा बरा दिसतो.” बाई लाजल्या. मी नाही लाजलो, खरंच होतं ते.

मग भिंतीवर मोठा पडदा आला. त्या पडद्यावर दात आपोआप फिरतात, रंग बदलतात, गाणंही म्हणतात. मी कपाटावर सरकलो. माझ्या तोंडात पेन्सिलीचा भुगा पडू लागला. एका दिवट्याने वरच्या हिरडीला च्युइंगगम चिकटवला. दुसऱ्याने मला निळ्या शाईची मिशी काढली. मामा ओल्या फडक्याने पुसायचे आणि पोरांना शिव्या घालायचे, पण च्युइंगगमचा डाग अजून आहे. ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत. मित्रांनो, मला डोळे नाहीत म्हणून गाफील राहू नका.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. माझ्यावर होतं ना, ठीक आहे.

दोन वर्षांपूर्वी बाई आठ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा वरचे सगळे दात नवे होते. कवळी होती. मी जबडा आहे, मला पहिल्या वाक्यात कळलं. ‘स’ म्हणताना अगदी बारीक शिट्टी वाजायची. “सूक्ष्मजीव” म्हटलं की पहिलंच अक्षर शीळ घालून यायचं. बाई शब्द जपून निवडू लागल्या. पण विज्ञानात ‘स’ टाळून टाळणार किती?

आता त्या मुलीकडे येतो. तिच्या मैत्रिणी तिला बिनधास्त म्हणत. गेल्या वर्षीपर्यंत ती पहिल्या बाकावर खाली मान घालून बसायची म्हणे. यंदा उंची वाढली, केस कापले, वक्तृत्वाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि बाईसाहेबांना आवाज सापडला. आवाज सापडला ते चांगलंच झालं. पण नवी सायकल मिळालेलं पोर जसं दिसेल त्याच्या अंगावर घंटी वाजवत सुटतं, तसं हिचं झालं होतं.

त्या सोमवारी बाई दातांचा धडा घेत होत्या. पडदा बंद होता, मला टेबलावर आणलं होतं. “परवानगी आहे?” झालं, खुंटी अडकवून झाली. बाई सांगत होत्या, “आपण म्हणतो दात किडला. पण त्यात किडा नसतो. सूक्ष्मजीव असतात. तुम्ही गोड खाता, दातांवर चिकटलेलं ते सूक्ष्मजीव खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात झिजतो, मग भोक पडतं.”

मागच्या बाकावर तिघी कुजबुजत होत्या. मी सगळं ऐकत होतो.

“ऐकलंस? परत शिट्टी,” लांब वेणीवाली म्हणाली.

“विचार ना मग. तू बिनधास्त ना?” हे चष्मेवालीचं.

“विचारते की. त्यात काय!”

“नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायचीस.”

“आणि विचारलं तर?”

“तर तुला मानलं!”

एवढ्यावर ती उभी राहिली. पुढचा प्रश्न तुम्हाला माहीत आहे.

वर्ग हसून हसून आडवा झाला. बाई थांबल्या. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला, तो घरंगळायला लागला तसा पुन्हा नीट ठेवला. मग म्हणाल्या, “पेल्यात. पाणी घालून, वर झाकण ठेवून. वरचे सगळे दात काढावे लागले मला. अजून कुणाला काही विचारायचंय?”

कुणालाच नव्हतं. बिनधास्त खाली बसली. वेणीवालीने बाकाखाली तिच्या हातावर टाळी दिली.

बाईंनी तास सोडला नाही की शिक्षा केली नाही. ठरलेला प्रयोग होता, तो त्यांनी केला. प्रत्येकाला कापसाचा बोळा लावलेली एक स्वच्छ काडी दिली. दाढांच्या मागून ती फिरवायची आणि काचेच्या झाकणाच्या बशीत जेलीचा जो पातळ थर होता त्यावर हलकेच ओढायची. मग बशी चिकटपट्टीने बंद. “ही परत उघडायची नाही,” बाई म्हणाल्या. “आत जे वाढेल ते बाहेरूनच बघायचं.”

बश्यांवर नावं नव्हती. बाई कधीच नावं घालत नाहीत, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ते त्यांनी एका कागदावर लिहिलं, कागदाची घडी केली आणि माझ्या जिभेखाली ठेवली. खुंटी काढली. मी मिटलो.

“नावं आता याच्याकडे आहेत,” त्या वर्गाला म्हणाल्या. “आणि हा कुणाला सांगत नाही.”

अहो बाई! सांगायला मी एका पायावर तयार होतो. मला पाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मला खरा राग आला. सोमवारचा राग म्हणजे काहीच नव्हता, असा आला. बाई वर्गात आल्या, शिकवायला लागल्या, आणि शिकवताना त्यांनी डावा हात तोंडापुढे धरला. बोटांवर खडू होता, तो ओठाला लागला. पुसायला त्यांनी हात काढला, आणि लगेच परत धरला. पूर्ण तास तसाच. अठ्ठावीस वर्षं जी बाई “तोंड उघडा, लाजायचं काय त्यात” असं सगळ्या शाळेला सांगत आली, ती तोंड झाकून शिकवत होती. आणि बाहेर व्हरांड्यात पोरं तिच्या पाठीमागून दातावर दात आपटत कटकट कटकट करत होती. ही युक्तीही बिनधास्तचीच.

माझं एकच म्हणणं होतं. हिचं नाव सगळ्यांसमोर यावं. हिच्यावर वर्ग हसावा, आणि हिनेही हात तोंडापुढे धरावा. बस.

बश्यांची उबदार पेटी माझ्या शेजारीच होती. सतरा नंबर तिचा होता, माझ्या जिभेखालीच तर लिहिलं होतं. बुधवारी सतरा नंबरमध्ये बारीक ठिपके दिसले. “वाढा, बाळांनो, वाढा,” मी मनातल्या मनात म्हणालो. गुरुवारी ठिपक्यांचे थेंब झाले, काही पांढरट, काही पिवळे. शेजारची सोळा नंबरची बशी बिचारी मोजून दहाबारा ठिपके घेऊन बसली होती. सतरा नंबरमध्ये जत्रा भरली होती. शुक्रवारी सकाळी तर जेली दिसेनाशी झाली. सूक्ष्मजीवांचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नसेल, त्यांच्या आयांनीसुद्धा.

शुक्रवारी बाईंनी सगळ्या बश्या लांब टेबलावर ओळीने मांडल्या.

“ईईई! सतरा बघ, सतरा!”

“शी! हे तोंडात असतं कुणाच्या तरी?”

“कोण आहे सतरा? हात वर कर ना!”

आणि मित्रांनो, सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? बिनधास्त! “सतरा नंबर म्हणजे गटार आहे गटार! झाकण लावा!” वर्ग खिदळला. ‘गटार’ हे नाव तिथल्या तिथे पक्कं झालं. आपला नंबर तिला पाठ होता, बाईंनी प्रत्येकाला कानात सांगितला होता. तरी ओरडली. मला तिचा राग आला आणि खरं सांगतो, थोडं कौतुकही वाटलं. इतकी तयारीची शत्रू रोज मिळत नाही.

“बास,” बाई हाताआडून म्हणाल्या. “बशीवरून दात किडलाय की नाही ते कळत नाही. तोंड नीट साफ होतं की नाही याचा अंदाज येतो, एवढंच. सतरा नंबर ज्याचा आहे त्याला कळलंय. बाकीच्यांनी आपापल्या बशीकडे बघा.”

पण ते गप्प कसले बसतात! मधल्या सुट्टीत तिघी विज्ञानाच्या खोलीच्या दाराशी आल्या. मामा नळावर परीक्षानळ्या धूत होते.

“यादी त्या जबड्यात आहे,” चष्मेवाली म्हणाली. “काढ. गटार कोण ते आज कळलंच पाहिजे.”

“मीच का?”

“बिनधास्त कोण आहे? आम्ही दारात उभ्या राहतो. जा ना!”

ती आत आली. मैत्रिणींकडे पाठ होती, म्हणून तिचा चेहरा फक्त मला दिसत होता. हसत नव्हता. यादी दाखवायला ती आलीच नव्हती. फाडायला आली होती, कदाचित गिळायलासुद्धा. माझ्यापुढे उभी राहून तिने माझ्या जिभेकडे बघितलं. मी मनात म्हटलं, ये. ये गं बये. पाच दिवस तुझीच वाट बघतोय.

तिने डाव्या हाताने माझा वरचा जबडा उचलला. खुंटी बैठकीला लोंबत होती. तिकडे तिने बघितलंही नाही. बघणार कशी? बाई खुंटी लावायच्या तेव्हा दर वेळी ही मागे कुजबुजत असायची. उजवा हात आत घातला. जिभेखाली बोटं गेली, कागद सापडला. परवानगी? तिचं तर नावच नको.

वरचा जबडा जड असतो. तिचा डावा हात घसरला.

कट्‌कन आवाज झाला. व्हरांड्यात ती आठवडाभर जी कटकट काढत होती ना, अगदी तशीच, फक्त खरी.

मित्रांनो, बाईंच्या बोटाचा तो पहिल्या दिवसाचा चिमटा सोडला, तर अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी चावलं. मी खोटं बोलणार नाही. फार बरं वाटलं.

ती किंचाळली. दारातल्या दोघी? छू! पायऱ्या उतरताना फक्त त्यांच्या चपला ऐकू आल्या. मामा ओल्या हाताने धावत आले. “अगं पोरी, ओढू नको, ओढू नको! खुंटी कुठाय? बाई! ओ बाई!”

बाई आल्या. त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “परवानगी आहे?”

त्याही वेळी विचारलं. मला द्यायची नव्हती. पण बाईंना मी नाही म्हणू शकत नाही. त्यांनी वरचा जबडा उचलला, खुंटी अडकवली. दोन बोटं निळी पडली होती, मोडली नव्हती. माझ्या पटाशीच्या दाताचा टवका उडाला. परवडलं. यादी जिभेखाली तशीच होती.

मामांनी गार पाण्याची पट्टी बांधली आणि बडबडत बाहेर गेले. मुलगी रडत होती. पण रडताना दुसरा हात बोटांवर नव्हता, उजव्या गालावर होता.

“दाढ कधीपासून दुखतेय?” बाईंनी विचारलं.

“नाही दुखत.”

“डबा खाताना उजवीकडून काही चावत नाहीस तू. मी बघते.”

तिने बाहीला नाक पुसलं. मग म्हणाली, “दोन महिने.”

“घरी सांगितलं नाहीस?”

“कसं सांगू? बाबा सगळ्यांना सांगतात, आमच्या मुलीचे दात म्हणजे दगड. पाहुणे आले की मला बाटलीचं झाकण दातांनी उघडून दाखवायला लावतात. आणि आई रोज रात्री विचारते, दात घासलेस का. मी रोज हो म्हणते.”

“आणि घासत नाहीस.”

“कंटाळा येतो.”

मी वाट बघत होतो. आता बाई बोलणार. आता ऐकवणार, की बघ, कुणाचे दात कुठे झोपतात ते. एवढी आयती संधी! माझी स्प्रिंग ताठ झाली.

बाईंनी टेबलाच्या खणातून छोटा आरसा काढला आणि तिला विचारलं, “बघू का? परवानगी आहे?”

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने आ केला. मलाही दिसलं. खाली उजवीकडची मोठी दाढ, मधोमध काळं भोक, तांदळाचा दाणा मावेल एवढं.

“वाचेल,” बाई म्हणाल्या. “आठवड्याच्या आत डॉक्टरला दाखवलंस तर वाचेल. मी लपवलं होतं. तुझ्यापेक्षा जास्त दिवस. एक दाढ गेली, मग शेजारची, मग मला सवयच झाली लपवायची.” बोलताना त्यांचा हात तोंडापुढेच होता. मुलगी त्या हाताकडे बघत होती. बहुतेक पहिल्यांदाच.

“बाई, तुम्ही सगळ्यांना सांगणार?”

“काय?”

“सतरा.”

“यादी याच्या तोंडात आहे,” बाई म्हणाल्या आणि खुंटी काढली. मी मिटलो. अगदी अलगद मिटवलं त्यांनी मला. इकडे मी आतल्या आत ओरडत होतो: सांगा! सांगून टाका! सोमवारी तुम्हाला कुणी वाचवलं होतं?

मित्रांनो, सूड अर्धाच झाला होता. बोटं चेचली, पण नाव बाहेर आलं नाही. बोटं काय, आठ दिवसांत बरी होतात. बाईंचा हात तर अजून तोंडापुढे होता.

शनिवारी सकाळी मुलीचे आईबाबा आले. मोठ्या सरांनी त्यांना विज्ञानाच्या खोलीतच पाठवलं. बाई होत्या, मी होतो, आणि दोन्ही बोटांना पट्टी बांधलेली ती. बाबांचा आवाज दारातूनच आला.

“हाच का तो? ही असली वस्तू शाळेत ठेवतात? उद्या कुणाचा हात तुटला म्हणजे? फेकून द्या आधी!”

“अहो, हळू,” आई म्हणाली. “दाखव गं बोटं. पेन धरता येतंय का?”

“लहानपणापासून हिला एक डॉक्टर लागला नाही,” बाबा म्हणाले. “खणखणीत मुलगी माझी. आणि शाळेत येऊन एका खेळण्यापायी हे!”

खेळणं! मला खेळणं म्हणाला! त्यांचाही चेहरा लक्षात ठेवला.

“जबड्याला खुंटी लावावी लागते,” बाई हाताआडून म्हणाल्या. “ती लावली नव्हती.”

“काय? नीट ऐकू येत नाही. हात काढून बोला की.”

बाईंनी हात काढला नाही. खाली बघितलं. मुलीने ते बघितलं. मी मुलीला बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

“पण ही हात घालायला गेलीच कशाला?” आईने विचारलं. “कुणी सांगितलं होतं? बाई, तुम्हीच सांगा.”

इथे बाई सगळं सांगू शकल्या असत्या. प्रश्न, कटकट, गटार, यादी, दाढ. त्या एवढंच म्हणाल्या, “तिलाच विचारा.”

 ही मुलगी उत्तर जुळवत होती, तेवढ्या वेळात मित्रांनो, मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते सांगून घेतो. रात्री झोपण्याआधी दात घासा. खोटं हो म्हणू नका, तुमच्या आईला फसवाल, दाढेला नाही. दुखलं तर सांगा, पहिल्याच दिवशी सांगा. आणि जी बाई तुमच्यासाठी रोज घसा कोरडा करते तिच्या तोंडाकडे बघून हसू नका. उद्यापासून ती तोंडापुढे हात धरून बोलायला लागली तर तुमचा काय फायदा? तुम्हाला तिचं निम्मं ऐकूच येणार नाही. जुन्या वस्तूंना हात लावायचा तर विचारून लावा. इतर वस्तू तुम्हाला हे विनंती करून सांगत असतील. मी धमकी देतोय.

मुलीने पट्टीचा हात मागे घेतला, आणि सरळ उभी राहिली. वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहिली असेल तशी नाही. तशी ऐट नव्हती.

“आई, मी यादी चोरायला गेले होते. सतरा नंबरची बशी माझी आहे, सगळ्यात घाण. मी दोन महिने रात्री दात घासत नाही आणि माझी दाढ किडलीय. बाबा, जबड्याची काही चूक नाही. आणि बाटल्या मी यापुढे उघडणार नाही, पाहुण्यांना वाईट वाटलं तरी.”

बाबांचं तोंड उघडं राहिलं. आत डावीकडे त्यांच्याही दोन दाढा नाहीत, मला दिसलं.

“काय बोलतेस तू?”

“थांबा, झालं नाही माझं. मी सोमवारी बाईंना भर वर्गात एक प्रश्न विचारला. काय विचारला ते इथे सांगणार नाही, कारण तो परत एकदा सगळ्यांसमोरच सांगायचाय. आज तिसरा तास विज्ञानाचा आहे. मी उठणार, तो प्रश्न सांगणार, बाईंची माफी मागणार आणि गटार कोण आहे तेही सांगणार.”

मी सांगायचं ते नाव ती स्वतःच सांगणार होती! पाच दिवस जिभेखाली जपून ठेवलेला माझा सूड तिने माझ्या तोंडातून काढून नेला, आणि या वेळी तर हातही घातला नव्हता. मला इतका संताप आला, आणि त्या संतापाचं करायचं काय तेच कळेना.

“अगं, कशाला?” आई कळवळली. “मुली हसतील तुला. बाईंची माफी इथे माग ना, आत्ता. झालं. वर्गात कशाला?”

“इथे कुणी हसलं नव्हतं, आई.”

बाईंचा हात तोंडापासून खाली आला. त्यांना कळलंही नसावं. त्या काहीतरी म्हणायला गेल्या, पण मुलीचं बोलणं संपलं नव्हतं.

“आणि बाबा, तुम्ही आज कामावर जायचं नाही. आई, तूसुद्धा घरी जायचं नाहीस. मी ठरवलंय. तुम्ही दोघं माझ्या वर्गात येणार, शेवटच्या बाकावर बसणार, आणि मी बोलताना तुमच्या शेजारचं कुणी हसलं तरी तुम्ही मधे पडणार नाही.”